नौका घ्यायला योजना आहे. ती सांभाळायला आणि मोडायला काय आहे?

मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय विभाग,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र सागरी मंडळ,
आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या मच्छीमार सहकारी संस्थांचे सर्व अध्यक्ष व सचिव यांस,

विषय: किनाऱ्यावर आणि खाड्यांत पडून राहिलेल्या नौका, त्यांची निगा आणि त्या मोडण्याची सोय.

स. न. वि. वि.

कुठल्याही खाडीच्या तोंडाशी सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी उभे राहिले की गाळातून वर आलेल्या फासळ्या दिसतात. एखादी बोट कुशीवर पडलेली असते, एखादीची केबिन गेलेली आणि नाळ, म्हणजे पुढचे टोक, तेवढी उभी. फायबरच्या बोटी कुजत नाहीत, त्यामुळे त्या आणखी विचित्र दिसतात. रंग शाबूत, नंबर वाचता येतो आणि आत गुडघाभर पाणी व डासांच्या अळ्या. यातल्या फार थोड्या बोटी वादळात गेलेल्या आहेत. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत वर ओढल्या, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात गेल्याच नाहीत, अशांची संख्या मोठी आहे. हे पत्र त्या बोटींबद्दल आहे आणि पुढच्या वर्षी त्यांच्या शेजारी जाऊन पडणाऱ्या बोटींबद्दलही.

आम्ही बोटींचे सुतारकाम, फायबरचे काम आणि इंजिने दुरुस्त करणारे लोक आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे: प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत खोल समुद्रातल्या नौकेचा एकक खर्च १२० लाख धरला गेला, त्यावर सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य ठरले. म्हणजे बोट विकत घेण्याच्या दिवशी सरकार सोबत उभे असते. पुढची वीस वर्षे नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, एकटा असतो आणि शेवटच्या दिवशी, बोट मोडायची तेव्हा, कोणीच नसते. 'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने काढली त्याने बोट घेतलेली नसावी.

बोट मरते कशी, हे आधी सांगतो, कारण मागण्या त्यावरच उभ्या आहेत.

लाकडी बोटीचा खरा वैरी पाऊस. खाऱ्या पाण्यात मुरलेल्या लाकडावर कुजवणारी बुरशी सहसा टिकत नाही. तिला गोडे पाणी, हवा आणि ऊब लागते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हे तिन्ही फुकट मिळते. म्हणून बोट तळातून कमी आणि वरून जास्त कुजते: डेकची फळी कडेच्या लाकडाला मिळते तिथे, केबिनच्या पायाशी, डोलकाठी किंवा खांब डेकमधून खाली जातो तिथे, आणि प्रत्येक फळीच्या कापलेल्या टोकाशी. फळीचे टोक तिच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटीने पाणी पिते, आणि रंगवताना नेमके तेच टोक हात पोहोचत नाही म्हणून सुटते. वरून रंग चकचकीत, आत भुसा. ओळखायला यंत्र लागत नाही. एक दाभण घ्यावा आणि या चार ठिकाणी हाताच्या जोराने दाबावा. अर्धा सेंटिमीटर सहज आत गेला तर तिथली फळी गेली. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर लाकूड जिवंत, भद्द आवाज आला तर पोकळ.

जुने लोक तळात खडे मीठ टाकत, ते याच कारणाने. साचणारे पावसाचे पाणी खारे झाले की बुरशीला जमत नाही. पण लोखंडी खिळ्यांच्या बोटीत हे करू नये. मीठ लोखंड खाते आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या काही पट असल्याने फुगलेला खिळा फळीलाच चीर पाडतो. डोक्याभोवती काळे वर्तुळ दिसणारा खिळा म्हणजे ती चीर सुरू झाल्याची खूण.

आता शाकारणी. पूर्वी बोटी झापांनी, म्हणजे विणलेल्या झावळ्यांनी शाकारत. झापातून पाणी गळत नसे, पण वारा जात असे. हल्ली निळी ताडपत्री घट्ट आवळून बांधतात, डेकला टेकवून. आत वाफ साठते, ताडपत्रीच्या खालच्या अंगाला घाम धरतो आणि तोच थेंब थेंब डेकवर पडत राहतो. दोन महिन्यांनी ताडपत्री काढल्यावर डेक हिरवा दिसतो तो याच घामाने. अशी घट्ट ताडपत्री बांधण्यापेक्षा काही न बांधलेले बरे, असे आमचे मत आहे. बांधायचीच तर बोटीच्या लांबीभर मधोमध एक आडवा वासा किमान हातभर उंचीवर धरावा, ताडपत्री त्यावरून दोन्हीकडे उतरती सोडावी आणि नाळेकडे व मागे दीड-दोन फूट उघडे ठेवावे. आतल्या सगळ्या झाकण्या, बर्फाच्या कप्प्याचे तोंड, इंजिनखोलीचे दार उघडेच असावे. तळाचे बूच काढून एका दोरीने सुकाणूचक्राला बांधावे, म्हणजे ऑगस्टमध्ये ते विसरून कोणी बोट पाण्यात लोटणार नाही. हसू येईल, पण हे घडते.

टेकू हा दुसरा मोठा घोटाळा. बोटीचे सगळे वजन कीलवर, म्हणजे तळाच्या कण्यावर बसले पाहिजे. बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळायला. कीलखाली दर एक ते दीड मीटरवर ओंडका हवा. दोन टोकांना दोनच ओंडके ठेवले की मधला भाग खाली बसतो. एकच मध्ये ठेवला की नाळ आणि मागची बाजू लोंबते आणि बोटीच्या पाठीला कुबड येते. कुबड आलेल्या बोटीचा शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा, कधीच सरळ बसत नाही. बाजूचे टेकू आतल्या फासळीच्या किंवा आडव्या भिंतीच्या रेषेत द्यावेत. मधल्या मोकळ्या पृष्ठभागावर दिला तर फायबरला आत खळगा पडतो, लाकडाची फळी सुटते. समोरासमोरचे टेकू कीलखालून साखळीने एकमेकांना बांधावेत. पावसाने जमीन भुसभुशीत झाली की एक टेकू सरकतो आणि मग सगळेच. जमीन आणि कील यांत फूटभर तरी अंतर असावे. रेतीत रुतवून ठेवलेली बोट दिसायला भक्कम दिसते, पण तिचा तळ दोन महिने ओल्या रेतीत असतो.

सुकलेल्या लाकडी बोटीची आणखी एक गोष्ट संस्थांनी सभासदांना सांगावी. एक हंगाम वर राहिली की फळ्या आकसतात आणि फटी उघडतात. घाबरून त्या फटींत सूत ठासून ठासून भरतात. पाण्यात गेल्यावर फळ्या पुन्हा फुगतात, सुताला जागा उरत नाही, आणि तो जोर फासळ्यांवर येऊन त्या तडकतात किंवा खिळे उपसतात. फट बेताने भरावी, बोट पाण्यात टाकण्याआधी तीन-चार दिवस आतून ओली गोणपाटे अंथरून खारे पाणी मारत राहावे, आणि पहिले दोन दिवस पंपासह माणूस बोटीवर ठेवावा. गळती दुसऱ्या दिवशी कमी होऊ लागते. तिसऱ्या दिवशीही तेवढीच राहिली तर ती फट फुगण्याने बंद होणारी नव्हे.

बंदीत सगळ्याच बोटी वर येत नाहीत. जागा नसते, क्रेनचे भाडे परवडत नाही, उधाणाची भरती हुकते. मग बोट खाडीत नांगरून ठेवतात आणि नाखवा आठवड्याने एकदा येतो. या बोटींचे गणित सरळ आहे. बोटीच्या डेकचे क्षेत्र पन्नास चौरस मीटर धरले तर १०० मिलिमीटर पावसात त्यावर ५,००० लिटर, म्हणजे पाच टन पाणी पडते. कोकणात दिवसाला १०० मिलिमीटर ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. डेकवरची पाणी जाण्याची भोके जाळ्याच्या तुकड्यांनी आणि माशांच्या खवल्यांनी तुंबली असली की हे पाणी आत जाते. आत गेलेले पाणी एका जागी राहत नाही. बोट थोडी कलली की ते सगळे त्या बाजूला धावते, बोट आणखी कलते, आणि बाजूची भोके पाण्याखाली गेली की मग समुद्रच आत येतो.

'पंप आहे ना' असे म्हणतात. बारा व्होल्टचा साधा पंप चार-पाच अँपिअर खातो. १०० अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्यापेक्षा खाली उतरवू नये, म्हणजे वापरायला पन्नास. दहा-बारा तासांत संपली. एक रात्र निघते, दुसरी निघत नाही. आणि पंपाच्या खोक्यावर लिहिलेला आकडा पाणी वर चढवायचे नसताना मोजलेला असतो. दीड मीटर चढवायचे आणि पाइपाला दोन वळणे असली की त्यातला मोठा हिस्सा गेला. उलट, पाण्याखाली साठ सेंटिमीटरवर असलेला २५ मिलिमीटरचा एक रबरी पाइप निसटला तर मिनिटाला साधारण ६० लिटर पाणी आत येते. म्हणून प्रत्येक समुद्री वाल्व, म्हणजे समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या पाइपाची तोटी, नांगरताना बंद करावा, आणि तो बंद होतो की नाही हे हंगामात महिन्यातून एकदा फिरवून पाहावे. वर्षभर न फिरवलेला वाल्व गरजेच्या दिवशी हातात मोडतो. प्रत्येक वाल्वशेजारी त्या मापाचे लाकडी बूच दोरीने बांधलेले हवे. त्याची किंमत एका चहाएवढी.

शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथल्या ग्लँडमधली, म्हणजे पाणी अडवणाऱ्या खोबणीतली गळती सगळ्यात दुर्लक्षित. बोट चालत असताना तिथून मिनिटाला काही थेंब पडायलाच हवेत, कारण तेच पाणी शाफ्ट थंड ठेवते. उभ्या बोटीत ते थांबले पाहिजेत. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी होते आणि बंदीच्या ६१ दिवसांत अडीचशे लिटर. उपाय पॅकिंग, म्हणजे शाफ्टभोवती भरलेली दोरी, बदलणे हा आहे, नट आवळत राहणे नव्हे. जुन्या कडक पॅकिंगवर नट आवळला की शाफ्टवर चर पडतो, मग नवे पॅकिंगही टिकत नाही. तीन-चार कडी वेगवेगळी कापून, टोके तिरकी, आणि प्रत्येक कड्याचा जोड आधीच्या जोडापासून तिसरा हिस्सा फिरवून बसवावी. एकच लांब दोरी गुंडाळून भरलेले पॅकिंग म्हणजे पाण्याला केलेला गोल जिना.

इंजिनाबद्दल थोडे. उभे राहिलेले इंजिन चालत्या इंजिनापेक्षा लवकर बिघडते. तेल बंदीच्या आधी बदलावे, नंतर नव्हे. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओल असते आणि ते दोन महिने बेअरिंगवर बसून राहते. इंजिन गरम करून जुने तेल काढावे, नवे भरावे, पाच मिनिटे चालवून बंद करावे. समुद्राचे पाणी फिरते तो मार्ग गोड्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटे धुवावा. पंपातला रबरी इम्पेलर काढून ठेवावा, कारण एकाच जागी दबून राहिलेल्या पात्या वाकड्याच राहतात. डिझेलची टाकी जवळपास भरून ठेवावी. अर्ध्या टाकीतल्या हवेतली वाफ रात्री थंड होऊन पाणी बनते, तळाशी साचते, त्यात काळा शेवाळासारखा गाळ धरतो आणि ऑगस्टच्या पहिल्या फेरीत, नेमका लाटांमध्ये, फिल्टर तुंबतो. सायलेन्सरचे तोंड चिंधीने बंद करावे आणि त्या चिंधीला लाल फडका बांधावा. दर पंधरा दिवसांनी इंजिन हाताने सव्वा फेरा फिरवावे.

आणि बोट बुडालीच, तर वर काढल्यावर स्टार्टर दाबायचा मोह आवरावा. इंजिन पाण्याखाली असेपर्यंत फारसे गंजत नाही, हवा लागली की तासातासाने गंजते. इंजेक्टर काढावेत, हाताने फिरवून सिलिंडरमधले पाणी बाहेर टाकावे, गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावे, तळाचे पाणी-तेल काढून डिझेल घालून फिरवावे, पुन्हा काढावे, मग स्वस्त तेल भरून इंजेक्टर बसवून चालवावे आणि ते तेल अर्ध्या तासात बदलावे, पांढुरकेपणा जाईपर्यंत पुन्हा पुन्हा. हे सगळे पहिल्या चोवीस तासांत झाले तर सहसा इंजिन वाचते. पंचनाम्यासाठी बोट तशीच ठेवा असे सांगितले जाते तेव्हा इंजिनाचा जीव त्या दोन-तीन दिवसांतच जातो. फोटो काढून लगेच इंजिन उघडायला परवानगी मिळावी, एवढा एक बदल कागदावरचा आहे. त्याला निधी लागत नाही.

फायबरला निगा लागत नाही हा विक्रेत्यांचा समज. वरचा गुळगुळीत थर ओरखडला की आतल्या काचतंतूंमधून पाणी शिरते, तळावर पावलीएवढे फोड येतात, फोडले की आंबट वासाचा चिकट द्रव येतो. तेवढे फोड घासून, बोट सावलीत काही आठवडे वाळवून, मग इपॉक्सीने भरता येतात. ओल असतानाच भरले तर फोड परत येतात. त्याहून धोक्याचा भाग आतला. मागच्या आडव्या भिंतीत, जिथे बाहेरचे इंजिन टांगतात, बहुतेक बोटींत आत प्लायवूड असते. इंजिनाच्या बोल्टच्या भोकातून पाणी त्यात मुरते आणि ते कुजते, बाहेरून काही दिसत नाही. इंजिनाचा पाय हाताने वर-खाली हलवून भिंत वाकते का पाहावे. वाकली तर ती बोट समुद्रात इंजिनासकट मागचा भाग सोडून देऊ शकते.

झिंकच्या वड्यांबद्दल तर इतके गैरसमज आहेत की काय सांगावे. कांस्याचा पंखा आणि लोखंडी शाफ्ट-सुकाणू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की दोघांत विजेचा खेळ सुरू होतो आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू विरघळतो. झिंक आपण होऊन विरघळते म्हणून तर ते लावायचे. अर्धे संपले की बदलायचे. दोन वर्षे जशीच्या तशी राहिलेली वडी 'चांगली' नसते. तिचा धातूशी संपर्क तुटलेला असतो, किंवा हौशी रंगाऱ्याने तिच्यावरही रंग मारलेला असतो.

तळावर साचणाऱ्या शिंपल्या आणि शेवाळाचा खर्च नाखव्याला डिझेलच्या बिलात दिसतो, पण तो तिथे आहे हे त्याला कोणी सांगत नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या लहान मासेमारी नौकांच्या इंधनबचतीवरच्या मार्गदर्शनात म्हटले आहे की तळाला शेवाळरोधक रंग नसेल तर एका महिन्यात इंधनाचा खप ७ टक्क्यांपर्यंत आणि सहा महिन्यांत ४४ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. मध्यम ट्रॉलरचा पाण्याखालचा भाग चाळीस-पंचेचाळीस चौरस मीटर धरला तर दोन हातांना दहा लिटरच्या आसपास रंग लागतो. दहा लिटर रंग आणि वर ओढण्याचा खर्च एका बाजूला, सहा महिन्यांचे वाढीव डिझेल दुसऱ्या बाजूला. कुठल्याही संस्थेच्या सचिवाने हे गणित फळ्यावर मांडून दाखवावे. आणि लाकडी बोटीत रंग सुटला की टेरेडो शिरतो. हा शिंपल्याच्या कुळातला, दिसायला किड्यासारखा जीव टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत जातो आणि आत बोटभर जाडीची भुयारे करतो. बाहेरचे भोक शेवटपर्यंत तेवढेच राहते.

मग नाखवा हे करत का नाही? आळसाने नव्हे. फेरीचे पैसे आले की आधी डिझेल, बर्फ आणि राशन वजा होते, मग वाटे पडतात, मग खलाशांची पुढची उचल. बोटीचा वाटा कागदावर असतो, पण तो कर्जाच्या हप्त्यात जातो. मे महिन्यात, जेव्हा निगेचा खर्च यायचा, तेव्हाच खिसा रिकामा आणि पुढचे दोन महिने उत्पन्न शून्य. म्हणून संस्थांनी प्रत्येक फेरीच्या विक्रीतून, वाटे पडण्याआधी, ठरावीक टक्का 'बोटपेटी'त जमा करावा आणि तो फक्त वर ओढणे, रंग, पॅकिंग, झिंक आणि लाकूडकाम यांसाठीच मिळावा. किती टक्के, ते बोटीच्या आकारावर ठरवा. पण तो वाट्याच्या आधी निघाला पाहिजे. वाट्यानंतर उरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू आहे. त्याची कर्जमर्यादा ठरवताना जिल्हास्तरीय तांत्रिक समितीने बंदीकाळातल्या निगेची स्वतंत्र ओळ धरावी, अशी विनंती मत्स्यव्यवसाय विभागाने त्या समितीला करावी.

आता मेलेल्या बोटींकडे.

बोट मेली तरी तिचा कागद जिवंत राहतो, हे या सगळ्याचे मूळ आहे. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनच्या, म्हणजे थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, नव्या परवान्यांना चाप लागला. मासळीच्या दृष्टीने तो योग्यच होता. पण जिथे नवा परवाना मिळत नाही तिथे जुन्याला भाव येतो, आणि जुना परवाना बोटीला चिकटलेला असतो. त्यामुळे मोडायला हवी ती बोट मालक मोडत नाही. खाडीत बांधून ठेवतो, कागदापुरती.

दुसरे कारण, त्या बोटीचा कोणी वाली नाही. नोंदणी मत्स्यव्यवसाय विभागाकडे, जेट्टी सागरी मंडळाकडे, शेजारची जमीन महसूलकडे, आणि बोट जिथे रुतली ती जागा कांदळवनात असेल तर कांदळवन कक्षाकडे. खारफुटीला न्यायालयाचे संरक्षण आहे, ते असावेच; पण त्यामुळे त्यातून एक सांगाडा ओढून काढायलाही चार दारे ठोठवावी लागतात. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्यात, कलम १४ खाली, वाहतुकीला अडथळा होणारे बुडीत जहाज हटवून खर्च मालकाकडून वसूल करण्याची तरतूद होती. २०२५ मध्ये तो कायदा जाऊन नवा आला. बंदराच्या तोंडाशी अडकलेली बोट निघतेही. पण खाडीच्या कडेला गाळात बसलेली बोट कोणाच्याच वाटेत येत नाही, मासळीची पिल्ले सोडून.

सोडून दिलेले जहाज राहते तिथेच राहील असे समजू नये. ओमानजवळ खलाशांनी सोडलेले 'पवित' जहाज महिनाभर वाहत येऊन ३१ जुलै २०११ ला जुहूच्या किनाऱ्याला लागले, तोपर्यंत ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्ये मालकांनी इंजिन बिघडल्यावर सोडलेली 'लेडी हान' ही नौका हरिहरेश्वरजवळ सापडली, आत तीन एके-४७ घेऊन. दोन्ही वेळा सगळा किनारा जागा झाला. आपल्याच खाड्यांतल्या बोटी मात्र त्याआधी होत्या तिथेच नंतरही राहिल्या.

एक मध्यम ट्रॉलर मोडायचा म्हणजे काय, हेही कळावे. आधी टाकीतले डिझेल आणि तळातले तेलकट पाणी काढायचे. इंजिनात वीस-पंचवीस लिटर तेल, गिअरबॉक्समध्ये वेगळे. हे जळके तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवे, बॅटऱ्या २०२२ च्या बॅटरी नियमांप्रमाणे. मग गॅस सिलिंडर, जाळी, दोर, वायर. पंखा, शाफ्ट आणि इंजिनाचे भंगार विकून पैसे येतात, आणि म्हणूनच आज तेवढेच काढून बाकीची बोट सोडून देतात. बर्फाच्या कप्प्यातला फोम भुगा होऊन खाडीत पसरतो, तो कापडी आडोसा बांधूनच काढावा लागतो. लाकूड राहिले तर सुतार नेतो. फायबरचा सांगाडा डायमंड पातीने, पाणी मारत कापावा लागतो. कोरडा कापला तर काचेची धूळ फुप्फुसात जाते. तो जाळणे हा गुन्हाच समजावा, इतका विषारी धूर निघतो. कापलेल्या तुकड्यांना सिमेंटच्या भट्टीत वाट आहे: त्यातली काच सिमेंटच्या कच्च्या मालात जाते, राळ इंधन म्हणून जळते. युरोपात हा मार्ग वापरात आहे. फ्रान्समध्ये २०१९ पासून हौशी बोटींसाठी नव्या बोटीच्या विक्रीवर घेतलेल्या वर्गणीतून जुन्या बोटी मालकाकडून मोडणीचे पैसे न घेता मोडल्या जातात. आपल्याकडे मोटारींना भंगार धोरण आहे, मोडल्याचे प्रमाणपत्र आहे. बोटीला त्यातले काही नाही.

म्हणून मागण्या.

मत्स्यव्यवसाय विभागाने नव्या नौकेच्या अनुदानातून एक छोटी रक्कम त्या नौकेच्याच नावाने मोडणीसाठी अनामत ठेवावी. पंचवीस वर्षांनी बोट नियमाने मोडली, प्रमाणपत्र आले, तर ती व्याजासकट मालकाला परत. नाही तर त्यातूनच बोट हटवावी. मोडलेल्या बोटीचा परवाना ठरावीक मुदतीपर्यंत मालकाच्या नावाने राखून ठेवावा. एवढे केले तरी कागदासाठी सांगाडे बांधून ठेवण्याचे कारण उरणार नाही. दोन हंगाम न हललेल्या प्रत्येक बोटीला नोटीस लावावी, आणि नोटिशीवर फक्त मालकाचे कर्तव्य न लिहिता ती कुठे न्यायची हेही लिहावे.

ते 'कुठे' सागरी मंडळाने द्यायचे आहे. किनारपट्टीच्या प्रत्येक जिल्ह्यात एक तरी उतार हवा: काँक्रीटचा, दहाला एक ते पंधराला एक चढाचा, अगदी ओहोटीच्या पाण्यापर्यंत गेलेला, वर विंच आणि रुळावरची गाडी. सोबत गोड्या पाण्याचा नळ आणि खरवडलेला रंग अडवणारा खड्डा. तो तांब्याचा विषारी रंग आज सरळ रेतीत जातो. हाच उतार मे महिन्यात बोटी वर घ्यायला आणि उरलेल्या वर्षात मोडायला वापरता येईल. सातपाटीसारख्या गाळाच्या खाडीत, जिथे ओहोटीला बोट आडवीच बसते, तिथे उताराआधी गाळ काढावा लागेल. नाही तर काँक्रीट बांधून त्यावर गाळच चढेल.

आणि संस्थांनी एक काम लगेच करावे, त्याला कोणाची मंजुरी नको. जुन्या बोटीच्या हस्तांतराला ना-हरकत देण्याआधी ती वर काढून पाहिल्याचा कागद मागावा. पाण्यात तरंगती बोट विकत घेणे म्हणजे न उघडता नारळ घेणे. कमी व्याजाचे कर्ज काढून कुजलेला तळ विकत घेणारा तरुण दोन वर्षांत थकबाकीदार होतो, आणि मग ती बोट जिथे जाते ती जागा आम्ही पत्राच्या सुरुवातीला दाखवलीच आहे.

मे महिन्याच्या शेवटच्या उधाणाला, अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत, बोटी वर यायला लागतील. त्या वेळी प्रत्येक बंदरावर एक निरीक्षक पाठवा. सोबत टॉर्च आणि नोंदवही द्या. दाभण आणि हातोडी आमच्याकडे आहे.

कळावे,

आपले,
किनाऱ्यावरचे बोट-सुतार, फायबरचे कारागीर आणि इंजिन मेकॅनिक